पंचशील : विहारातील आणि तहनाम्यातील

खोपोलीहून बोरघाट चढू लागले की एका जुन्या व्यवहाराची साक्ष घाटाच्या दोन्ही अंगांना मिळते. घाटाखाली, कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. तेथे कण्हाचा अंतेवासी बलक याने हे काम केल्याचा लेख आजही वाचता येतो. घाटमाथ्यावर भाजे, कार्ले आणि बेडसे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर ज्यांची नावे कोरली आहेत त्यांत धेनुकाकट येथील अनेक यवन आहेत. बंदरांकडून देशावर जाणारा व्यापारी आणि चारिकेस निघालेला भिक्खू या एकाच वाटेने चालत होते. स्तंभांवरील त्या लेखांत दात्याचे नाव आहे, गाव आहे, दान आहे, अट नाही.

त्याच घाटाने वर गेल्यावर तळेगाव लागते. तेथील जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्स या कंपनीने विकत घ्यावा असे जानेवारी २०२० मध्ये ठरले. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र शासनाशी ३,७७० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार झाला, आणि त्याच रात्री लडाखमधील गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत भारताचे २० जवान धारातीर्थी पडले. आठवड्याच्या आत शासनाने चिनी कंपन्यांशी झालेले करार जैसे थे ठेवल्याचे जाहीर केले. कारखाना डिसेंबर २०२० मध्ये बंद पडला, कामगारांचा रोजगार गेला, २०२२ च्या मध्यास खरेदीची मुदत संपली आणि पुढे ती जागा ह्युंदाईकडे गेली. निर्णय मुंबईत व दिल्लीत झाला. त्याची किंमत मात्र तळेगावच्या कामगारांनी मोजली, हे कोणी फारसे बोलले नाही.

बलाढ्य राष्ट्राचा पैसा दारी येतो तेव्हा त्याच्याबरोबर काय येते, आणि तो गमवावा लागू नये म्हणून कशाबद्दल मौन पाळावे लागते, हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही. गेली चार दशके युरोपातील राष्ट्रे त्याच प्रश्नाशी झगडत आहेत, आणि त्यांच्या बाबतीत तो पुनःपुन्हा एका बौद्ध भिक्खूच्या भेटीवरून उपस्थित झाला आहे. बौद्ध वाचकांनी या इतिहासाकडे लक्ष द्यावे याचे आणखी एक कारण आहे. या प्रश्नाचे मर्म सर्वांत आधी ज्यांनी उघड केले त्यांत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

२९ एप्रिल १९५४ रोजी पेकिंग येथे भारत व चीन यांच्यात करार झाला. तो 'चीनचा तिबेट प्रदेश' आणि भारत यांच्यामधील व्यापार व दळणवळण यांसंबंधी होता. म्हणजे तिबेट कोणाचे, हा वाद शीर्षकातच निकालात निघाला होता. त्याच्या प्रास्ताविकात पाच तत्त्वे घातली गेली : परस्परांच्या प्रादेशिक अखंडतेचा व सार्वभौमत्वाचा आदर, अनाक्रमण, परस्परांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे, समानता व परस्परहित, आणि शांततामय सहजीवन. या पाच तत्त्वांना 'पंचशील' हे नाव मिळाले आणि देशभर त्याचा जयघोष झाला.

२६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत परराष्ट्रनीतीवरील चर्चेत बाबासाहेब उभे राहिले. पंतप्रधानांनी हे पंचशील गांभीर्याने घ्यावे याचे त्यांनी आश्चर्य व्यक्त केले. पंचशील हा बौद्ध धम्माचा गाभा आहे; माओंची त्यावर श्रद्धा असती तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना निराळ्या रीतीने वागविले असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या राजवटीत नीती ही रोज बदलणारी वस्तू मानली जाते, तिच्या राजकारणात पंचशीलाला जागा नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपण चीनची सीमा भारताच्या सीमेस आणून भिडविली, हाही त्यांचा आक्षेप होता. धम्मदीक्षेला अद्याप दोन वर्षे अवकाश होता. परंतु धम्मातील एका शब्दाचा चाललेला वापर त्यांना तेव्हाही खटकला.

विहारात आपण जे पंचशील ग्रहण करतो त्यातील प्रत्येक शील स्वतःला बांधणारे आहे. मी प्राणिहिंसेपासून, न दिलेले घेण्यापासून, व्यभिचारापासून, असत्य बोलण्यापासून, मद्यपानापासून विरत राहीन. शेजाऱ्याने काय करावे याबद्दल त्यात शब्द नाही. तहनाम्यातील तत्त्वेही दिसावयास परस्परांना बांधणारी होती. परंतु त्यांतील तिसरे तत्त्व प्रत्यक्षात समोरच्याचे तोंड बांधण्यास उपयोगी पडले. 'हा आमचा अंतर्गत कारभार आहे' एवढे म्हटले की ज्याने सही केली त्याला बोलता येत नाही. पुढील सत्तर वर्षांत चीनने भारताशी, आणि नंतर युरोपाशी, हेच वाक्य सर्वांत अधिक वेळा उच्चारले.

धम्माचा उपयोग चीनने नाकारला असे मात्र नव्हे. १९५३ मध्ये चिनी बौद्ध संघटना स्थापन झाली. १९५५ मध्ये बुद्धांचा दंतधातू ब्रह्मदेशात आणि १९६१ मध्ये सिलोनमध्ये दर्शनासाठी पाठविण्यात आला. १९५६ मध्ये बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षाच्या सोहळ्यासाठी दलाई लामा दिल्लीस आले. त्यांना येथेच राहावयाचे होते. परंतु चौ एन लाय यांच्याशी बोलणी झाल्यावर पंडित नेहरूंनी त्यांना परत जाण्याचा सल्ला दिला. जानेवारी १९५७ मध्ये नालंदा येथे ह्युएन त्संग यांच्या अस्थी चीनच्या वतीने नेहरूंच्या हाती देण्यात आल्या, आणि त्या देणारे हात दलाई लामांचेच होते. ३१ मार्च १९५९ रोजी तेच दलाई लामा निर्वासित म्हणून भारताच्या सीमेत आले. आठ वर्षांचा तो करार १९६२ मध्ये संपला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युद्ध झाले.

ह्युएन त्संगांचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट येथेच सांगतो. चीनच्या शब्दाला युरोपाने दिलेला प्रतिसाद एके काळी निराळा होता. सातव्या शतकात पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या या भिक्खूचा प्रवासवृत्तांत स्तानिस्लास ज्युलियाँ यांनी १८५७-५८ मध्ये फ्रेंच भाषेत आणला. १८८४ मध्ये सॅम्युअल बील यांचे इंग्रजी भाषांतर आले. हे चिनी वृत्तांत हाती धरून कनिंगहॅम यांनी विस्मृतीत गेलेली बौद्ध स्थळे शोधली. चिनी भिक्खूंचे हे ऋण आपण कधीही विसरू नये. चीनची राजसत्ता आणि चीनची बौद्ध परंपरा या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आणि युरोपाचे हातही स्वच्छ नव्हते. १८५६ च्या मे महिन्यात रेल्वे खोपोलीपर्यंत आली. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरे अफूयुद्ध सुरू झाले. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि तिच्यावर इंग्रजांबरोबर आपल्याकडील व्यापारीही गबर झाले. १८६० मध्ये इंग्रज व फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळचा बादशाही ग्रीष्मप्रासाद लुटला आणि इंग्रजांनी तो जाळला. चीनचे राज्यकर्ते आज ज्याला अपमानाचे शतक म्हणतात ते कल्पित नाही. युरोप मानवी हक्कांचा उच्चार करतो तेव्हा चिनी माणसाला ही आग आठवते, याचे आम्हांला नवल वाटत नाही. परंतु ती आग तिबेटच्या भिक्खूंनी लावलेली नव्हती.

१९५९ मध्ये तिबेटचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे आणला तो आयर्लंड आणि मलाया या दोन लहान देशांनी. ब्रिटन तटस्थ राहिले आणि भारतही तटस्थ राहिला. त्यानंतर स्वित्झर्लंडने एक हजार तिबेटी निर्वासितांना जागा दिली. जून १९८८ मध्ये दलाई लामांनी स्ट्रासबर्ग येथे युरोपीय संसदेत, स्वातंत्र्याची मागणी बाजूस ठेवून, स्वायत्ततेचा प्रस्ताव मांडला. १९८९ च्या जून महिन्यात तिआनआनमेन चौकात रणगाडे आले. युरोपीय समुदायाने चीनला शस्त्रे विकण्यावर बंदी घातली आणि डिसेंबरात ओस्लो येथे दलाई लामांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. तेथपर्यंत युरोप बोलू शकत होता, कारण चीनशी त्याचा व्यापार तुलनेने थोडा होता.

पुढे व्यापार वाढला आणि बोलण्याची किंमतही वाढली. सप्टेंबर २००७ मध्ये जर्मनीच्या चॅन्सेलर आंगेला मर्केल यांनी दलाई लामांना भेट दिली. चीनने बैठका रद्द केल्या. २००८ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भेटणार हे कळताच युरोपीय संघाबरोबरची शिखर परिषद चीनने मोडली. सार्कोझी भेटले, तो दिवस योगायोगाने ६ डिसेंबर होता, आणि एप्रिल २००९ मध्ये फ्रान्सने तिबेटच्या स्वातंत्र्यास कोणत्याही रूपात पाठिंबा देणार नाही असे चीनबरोबर लिहून दिले. ब्रिटनची गोष्ट त्याहून बोलकी आहे. तिबेटवर चीनची केवळ नाममात्र अधिसत्ता आहे, ही त्याची जवळजवळ शतकभराची भूमिका होती. २९ ऑक्टोबर २००८ रोजी परराष्ट्रमंत्री मिलिबँड यांनी एका लेखी निवेदनात तिला कालबाह्य ठरविले आणि तिबेट चीनचा भाग असल्याचे मान्य केले. मोबदल्यात काय मिळाले? मे २०१२ मध्ये पंतप्रधान कॅमेरून लंडनच्या सेंट पॉल चर्चमध्ये दलाई लामांना भेटले, तेव्हा चीनने दीड वर्ष त्यांना दार बंद केले. जर्मनीतील दोन अर्थशास्त्रज्ञांनी तर हिशेबच मांडला : २००२ ते २००८ या काळात ज्या देशाच्या प्रमुखाने दलाई लामांची भेट घेतली, त्याची चीनकडे होणारी निर्यात गणनापद्धतीनुसार शेकडा ८ ते १७ इतकी घटली, आणि हा परिणाम दोनएक वर्षांत ओसरला. दोन वर्षांच्या तोट्याला एवढी भीती! नॉर्वेला तर स्वतःच्या नोबेल समितीने २०१० मध्ये ल्यू शाओबो यांना पुरस्कार दिल्याबद्दल सहा वर्षे शिक्षा भोगावी लागली. मे २०१४ मध्ये दलाई लामा आपल्या पुरस्काराच्या पंचविसाव्या वर्षी ओस्लोस गेले. त्या सरकारातील एकही मंत्री त्यांना भेटला नाही.

डेन्मार्कचा अनुभव आम्हांला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. तेथील पंतप्रधान मे २००९ मध्ये दलाई लामांना भेटले, चीन रुसला, डिसेंबरात डेन्मार्कने तिबेटच्या स्वातंत्र्यास आपला विरोध असल्याचे पत्र दिले. जून २०१२ मध्ये चीनचे अध्यक्ष हू जिंताओ कोपनहेगनला आले, तेव्हा पोलिसांनी रस्त्यात उभ्या राहिलेल्या निदर्शकांच्या हातांतून तिबेटचे ध्वज काढून घेतले. पाहुण्यांच्या दृष्टीस ते पडू नयेत एवढाच हेतू. परक्या सत्तेचा प्रभाव म्हणजे काय, हे येथे उघडे पडले. चीनचा एकही शिपाई तेथे नव्हता, डेन्मार्कचेच पोलीस डेन्मार्कच्या संविधानाविरुद्ध वागत होते. परंतु प्रकरण तेथे संपले नाही. पुढे चौकशीसाठी 'तिबेट आयोग' नेमण्यात आला आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्याने पोलिसांची कृती बेकायदेशीर ठरविली. नवा पुरावा मिळाल्यावर चौकशी पुन्हा उघडण्यात आली. एका झेंड्यासाठी इतकी वर्षे खटपट करणारे लोक हीच त्या देशाची खरी तटबंदी होय.

एकेकट्या राष्ट्राला वाकविता येते हे चीनला कळले तसे ते हळूहळू युरोपालाही कळले. २०१६ मध्ये चिनी सरकारी कंपनीने ग्रीसच्या पिरेयस बंदराचा बहुसंख्य हिस्सा घेतला. २०१७ मध्ये मानवी हक्क परिषदेत चीनवर टीका करणारे युरोपीय संघाचे निवेदन ग्रीसने अडविले. २०१९ मध्ये संघाने चीनला एकाच दस्तऐवजात भागीदार, स्पर्धक आणि व्यवस्थेचा प्रतिस्पर्धी म्हटले. २०२१ मध्ये लिथुआनियाने तैवानचे कार्यालय उघडू दिले म्हणून त्याचा माल अडला, आणि अशा आर्थिक दडपणास सर्वांनी मिळून उत्तर देण्याचा कायदा २७ डिसेंबर २०२३ पासून अमलात आला. इटली त्याच महिन्यात चीनच्या 'पट्टा आणि मार्ग' योजनेतून बाहेर पडली.

आता प्रश्न उत्तराधिकाऱ्याचा आहे. मे १९९५ मध्ये दलाई लामांनी पंचेन लामा म्हणून मान्य केलेला सहा वर्षांचा गेंदुन चोक्यी न्यिमा तीन दिवसांत नेला गेला आणि तेव्हापासून तो जगाच्या दृष्टीस पडलेला नाही. त्याच्या जागी चीनने निवडलेल्या पंचेन लामाला एप्रिल २००६ मध्ये हांगचौच्या जागतिक बौद्ध परिषदेत जगापुढे आणण्यात आले. १ सप्टेंबर २००७ पासून तेथे शासनाच्या अनुमतीवाचून कोणाही लामाचा पुनर्जन्म ग्राह्य धरला जात नाही. पुनर्जन्मावरून गुरू ठरविण्याची पद्धत आम्हांला मान्य नाही; बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात आत्म्याच्या संक्रमणाला स्थान नाही. परंतु जी राजवट धर्माला अफू म्हणते तिने पुनर्जन्माची प्रमाणपत्रे देण्याचे खाते चालवावे, याला काय म्हणावे? आम्ही नाकारतो ते श्रद्धेचे तत्त्व. ती राजवट हिरावते तो श्रद्धावानाचा अधिकार. या दोहोंची गल्लत आपल्या काही मंडळींकडून होते.

२ जुलै २०२५ रोजी दलाई लामांनी आपली परंपरा पुढे चालेल आणि तिचा निर्णय त्यांच्या न्यासाचा असेल असे जाहीर केले. दोन दिवसांनी भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाने श्रद्धा व धर्माचरणाच्या बाबतीत सरकार कोणतीही भूमिका घेत नाही असे सांगितले. त्याच महिन्याच्या अखेरीस चेक प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पेत्र पावेल हे दलाई लामांना नव्वदाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा देण्यासाठी भारतात आले आणि त्यांना भेटले. १२ ऑगस्ट रोजी चीनने पावेल यांच्याशी सर्व संबंध तोडल्याची घोषणा केली. ही भेट लडाखमध्ये झाली होती.