वही कोणाच्या हातात? सवाईपासून क्रेडिट कार्डापर्यंत

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

मागच्या काही भागांनंतर बरेच जण एकच विचारतात: पगार सुरू झालाय, पण महिनाअखेर काही उरत नाही, सुरुवात कुठून करू? एसआयपी, टर्म इन्शुरन्स यावर सांगणारे भरपूर आहेत. मी आज जरा मागे जाणार आहे, दीडशे वर्षं मागे. कारण मी आहे आष्टीचा, म्हणजे वर्धा जिल्ह्यातली आष्टी शहीद. 16 ऑगस्ट 1942 च्या उठावामुळे हे नाव बहुतेकांना माहीत असतं. पण आमच्या भागाला आणखी एक इतिहास आहे, उधारीचा.

आधी मूळ अडचण समजून घेऊ. आमच्याकडचा कास्तकार कापूस घेतो, संत्रा घेतो. पैसा येतो वर्षातून एकदा, फार तर दोनदा. खर्च मात्र रोजचा. जूनमध्ये बियाणं लागतं, शाळेची फी त्याच महिन्यात, आणि कापसाचा चुकारा हातात यायला दिवाळी उलटून जाते. या मधल्या सहा महिन्यांवर पूर्वी सावकाराचा धंदा उभा होता.

तेव्हा धान्याच्या उधारीचे दोन सरळ दर होते, सवाई आणि दिढी. सवाई म्हणजे चार पायल्या बियाणं नेलं तर पीक आल्यावर पाच पायल्या परत. दिढी म्हणजे चाराच्या सहा. ऐकायला 'एकच पायली जास्त' एवढंच वाटतं. पण ही एक पायली साधारण सहा महिन्यांची आहे. वर्षाचा दर काढला तर सवाई पडते 50 टक्क्यांना.

यात कापसाच्या तेजीनं भर घातली. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि इकडच्या कापसाचे भाव चढले. आमच्या जिल्ह्यातलं हिंगणघाट कापसासाठी नावाजलेलं होतंच. 1867 पर्यंत रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. पण तोवर युद्ध संपलं होतं आणि भाव उतरले होते. तेजीत ज्याला सहज उधार मिळालं, त्याच्यावर मंदीत तेच कर्ज राहिलं. पगारवाढीच्या भरवशावर हप्ते वाढवणाऱ्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

त्या मंदीचा भडका उडाला तो आमच्याकडे नाही, पश्चिम महाराष्ट्रात. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. पुढे तो उठाव नगर जिल्ह्यातही पसरला. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे, वह्या मागून घ्यायच्या आणि जाळायच्या. कारण किती घेतलं, किती फेडलं, किती राहिलं, हे सगळं फक्त सावकाराच्या वहीत होतं. बऱ्याच कर्जदारांना ते वाचताही येत नव्हतं, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात त्याची नोंद नव्हती.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात कर्जदाराला तीन हक्क मिळाले: पैसे भरल्याची लेखी पावती, वर्षाला हिशेबाचा उतारा आणि पासबुक. म्हणजे दंग्यानंतरच्या इलाजाचा एक भाग होता वहीची नक्कल कर्जदाराच्या हातात देणं.

हा कायदा मुंबई इलाख्यातल्या पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. वर्धा होतं मध्य प्रांतात. आमच्याकडे तसं काही यायला 1929 नंतरची जागतिक मंदी यावी लागली. 1933 मध्ये मध्य प्रांताचा कर्ज तडजोड कायदा झाला आणि 1934 मध्ये सावकारी कायदा. त्यानुसार सावकारानं प्रत्येक कर्जदाराचं वेगळं खातं ठेवायचं आणि दरवर्षी सहीचा हिशेब त्याला द्यायचा. पुण्याकडच्या पासबुकानंतर 55 वर्षांनी!

योगायोग बघा, त्याच 1934 साली वर्ध्याला हिशेबाबाबत अत्यंत कडक असलेली दोन माणसं एकत्र आली. एक गांधीजी. लंडनमध्ये शिकत असताना ते पै-पैचा हिशेब लिहीत आणि रोज झोपण्याआधी शिल्लक जुळवत. त्या वहीमुळेच त्यांनी खर्च अर्ध्यावर आणायचं ठरवलं: राहायची जागा बदलली आणि गाडीभाडं वाचवून रोज मैलोन्मैल चालले. दुसरे जे. सी. कुमारप्पा, लंडनमध्ये तयार झालेले अकाउंटंट आणि वर्ध्याच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे सचिव. बिहार भूकंपाच्या मदतनिधीचे हिशेब सांभाळताना गांधीजींच्या सोबतच्या मंडळींचा खर्च त्या निधीतून द्यायला त्यांनी नकार दिला होता. ज्या कामाचा पैसा, त्याच कामाला.

आता आजच्या काळात येऊ. समजा कार्डावर 50,000 थकले आणि दर महिना 3.5 टक्के आहे. व्याज झालं 1,750. त्यावर 18 टक्के जीएसटी, 315. एकूण 2,065. मुद्दल तसंच ठेवून नुसतं हेच भरत राहिलात तर सहा महिन्यांत 12,390 गेले. आणि 50,000 ची सवाई किती? 12,500. मंडळी, सवाई गेलेली नाही. ती खिशात आलीय, ॲपसकट.

फरक एक आहे. आज वही आपल्याला मिळते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं डिजिटल कर्जाला 2022 पासून एक 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. त्यात सगळं धरून वार्षिक दर किती, ते लिहिलेलं असतं. आता बहुतेक किरकोळ कर्जांना ते लागू आहे, आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं आहे. क्रेडिट रिपोर्टही वर्षातून एकदा फुकट मिळतो. 1875 मध्ये जी वही जाळावी लागली, ती आज पीडीएफ होऊन इनबॉक्समध्ये पडलेली असते. आपण उघडत नाही, एवढंच.

म्हणून सुरुवात गुंतवणुकीपासून नको. जुन्या पेढीसारखी करा.

पहिली कीर्द: एक महिना प्रत्येक खर्च तारखेनुसार लिहा. यूपीआयमुळे निम्मं काम आधीच झालेलं असतं.

मग खतावणी: तेच खर्च नावावार लावा. भाडं, खाणं, हप्ते, गावाकडे पाठवलेले.

शेवटी ताळेबंद: एका बाजूला येणं आणि शिल्लक, दुसऱ्या बाजूला देणं, आणि प्रत्येक देण्यासमोर त्याचा वार्षिक दर. सगळ्यात मोठा आकडा नाही, सगळ्यात मोठा दर असलेलं देणं आधी फेडा.

आणि गावाकडून आलेल्यांसाठी खास. आपल्या घरात दोन कॅलेंडरं चालतात, पगाराचं आणि पिकाचं. जूनमध्ये घरून फोन येणार, हे आपल्याला जानेवारीतही माहीत असतं. ती 'इमर्जन्सी' नाही, ती तारीख आहे. पेरणीला 24,000 लागत असतील तर महिना 2,000 ची आरडी आत्ताच लावा. शिवाय 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज 7 टक्क्यांनी मिळतं आणि मुदतीत फेडलं तर 4 टक्क्यांना पडतं. ते सोडून कार्डावरून पैसे काढून बियाणं घेणं म्हणजे आपणहून सवाईला जाणं. बाबांचं पीककर्ज मुदतीत भरलं जातंय ना, एवढं पाहणं हासुद्धा पर्सनल फायनान्सच आहे.

एवढ्यानं पगार वाढणार नाही, कापसाचा भावही नाही. पण किती देणं आहे हे दुसऱ्याच्या आधी आपल्याला माहीत असेल. सुप्याच्या लोकांकडे नेमकं तेच नव्हतं.

तुमच्या घरी जुनी कीर्द किंवा किराण्याची उधारीची वही असेल तर तिच्यातला व्याजाचा दर काढून पाहा आणि मला कळवा. पुढच्या भागात पीकविम्याबद्दल बोलू. येतो मग, नमस्कार.