पेर्गोलेझीच्या 'स्टाबाट माटेर'मधील पहिले युगुलगीत : लय, स्वरपट्टी आणि भाव

संगीतरचनेचा भाव तिच्या स्वरपट्टीत असतो, लयीत असतो की स्वरांच्या परस्परसंबंधांत, हा प्रश्न युरोपातील बरोक काळात विशेष चर्चिला गेला. प्रस्तुत लेखात जोव्हान्नी बात्तिस्ता पेर्गोलेझी (१७१०-१७३६) यांच्या 'स्टाबाट माटेर'मधील पहिल्या युगुलगीताच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

क्रुसाखाली उभ्या असलेल्या मरियेच्या शोकाचे हे मध्ययुगीन लॅटिन स्तोत्र ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर उपासनाविधीतून वगळले गेले होते. १७२७ मध्ये पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी त्यास पुन्हा स्थान दिले. नेपल्समधील एका धर्मबंधुसंघात गायिल्या जाणाऱ्या आलेस्सांद्रो स्कार्लात्ती यांच्या रचनेच्या जागी पेर्गोलेझींची रचना आली. मार्च १७३६ मध्ये पोत्सुओली येथे वयाच्या २६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मरणासन्न रचनाकाराचे अश्रू या स्वरांत शोधण्याची प्रथा तेव्हापासूनची आहे. परंतु त्याच कृतीत प्रसन्न चालीही आहेत, त्यांचे काय करावयाचे?

पहिल्या गीताची पट्टी एफ मायनर असून लयनिर्देश 'ग्रावे' म्हणजे गंभीर, विलंबित असा आहे. या पट्टीविषयी तत्कालीन शास्त्रकारांची मते बरीचशी जुळतात. शार्पांतिये तिला अंधारी व विलापयुक्त मानतात, तर माथेसोन १७१३ च्या ग्रंथात तिच्या ठायी नैराश्याची झाक असलेली खोल व्याकुळता पाहतात. यास भौतिक आधारही होता. त्या काळी प्रचलित असलेल्या असमान स्वरमेळात चार कोमल स्वरांच्या या पट्टीतील काही स्वरसंवाद कानास खरखरीत लागत.

तरीही केवळ पट्टीने काम भागत नाही. याच कृतीचे अखेरचे युगुलगीत एफ मायनरमध्येच, 'लार्गो आस्साई' लयीत आहे. आणि त्यास जोडून येणारे 'आमेन' त्याच पट्टीत 'प्रेस्तो आस्साई' म्हणजे अतिद्रुत आहे. पट्टी तीच, परंतु शोकाची निश्चलता तेथे उरत नाही. पहिल्या गीतात खर्जाचे स्वर सम पावलांनी अखंड चालत राहतात. त्यांवर एक आवाज आपला स्वर धरून ठेवतो, दुसरा त्याच्या लगतच्या स्वरावर येऊन भिडतो. मग पहिला एक पायरी खाली उतरतो आणि घर्षण सुटते. सुटते न सुटते तोच ते वरच्या स्वरावर पुन्हा घडते. प्रत्येक घर्षण कानास जाणवावे इतका अवकाश विलंबित लयच देऊ शकते. दोन आवाज येथे संवाद करीत नाहीत, एकच वेदना वाटून घेतात. रूसो यांनी या गीतास युगुलगीताचा सर्वश्रेष्ठ नमुना मानले ते, माझ्या मते, याचमुळे.

पाद्रे मार्तिनी यांनी मात्र १७७४ मध्ये आक्षेप घेतला की, या कृतीची शैली पेर्गोलेझींच्याच 'ला सेर्वा पाद्रोना' (१७३३) या विनोदी संगीतिकेहून वेगळी नाही. द्रुत गीतांपुरता हा आक्षेप सहज नाकारता येत नाही. अंतिम न्यायाच्या ज्वाळांचे शब्द बी-फ्लॅट मेजरमध्ये 'आल्लेग्रो' लयीत जवळजवळ उल्हासाने येतात. पहिल्या गीतास मात्र तो लागू पडत नाही.

योहान सेबास्टियन बाख यांनी १७४० च्या दशकात हेच संगीत घेऊन त्यावर ५१ व्या स्तोत्राचे जर्मन रूपांतर बसविले. मातेच्या शोकाचे स्वर तेथे पापक्षालनाच्या याचनेचे झाले; पहिल्या गीताची पट्टी तीच राहिली. 'आमेन' मात्र बाख यांनी एकदा एफ मायनरमध्ये आणि लगेच दुसऱ्यांदा एफ मेजरमध्ये गावयास लावले.