ग्रीन टीमधलं कॅटेचिन: कपापासून रक्तापर्यंत

ग्रीन टीवरचे पेपर शोधायला बसलात तर हजारोंनी सापडतात आणि 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द जवळपास सगळीकडे असतो. पण कपातला हा रेणू आपल्या पेशींपर्यंत पोचतो का, आणि पोचेपर्यंत टिकतो का? हे प्रश्न संशोधनात बरेच उशिरा आले. त्या उशिरातून शिकण्यासारखं खूप आहे.

आधी नाव. कॅटेचिन हा शब्द 'कॅटेचू'वरून आला. कॅटेचू म्हणजे आपल्या विड्यातला खैराचा कात. हा पदार्थ रसायनशास्त्रज्ञांना कातात आधी सापडला, चहात नंतर.

चहातलं काम केलं जपानच्या मिचियो त्सुजिमुरा यांनी. होक्काइदो विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना प्रवेश देत नव्हतं, म्हणून तिथे त्या बिनपगारी मदतनीस होत्या. पुढे टोकियोतली त्यांची प्रयोगशाळा १९२३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली. मग रिकेन संस्थेत काम करताना १९२४ मध्ये त्यांनी सहकारी सेइतारो मिउरा यांच्यासोबत ग्रीन टीमध्ये क जीवनसत्त्व असल्याचं दाखवलं आणि १९२९ मध्ये कॅटेचिन वेगळं काढलं. १९३२ मध्ये त्या कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या जपानच्या पहिल्या स्त्री ठरल्या. ग्रीन टीतलं सर्वांत चर्चेतलं कॅटेचिन, म्हणजे ईजीसीजी, ब्रॅडफील्ड आणि पेनी यांच्या १९४८ च्या पेपरमध्ये दिसतं.

इथपर्यंत प्रश्न होता 'पानात काय आहे?' हा. नंतर अँटिऑक्सिडंटची लाट आली आणि प्रश्न झाला 'हा रेणू काय काय करतो?' मधली पायरी मागे पडली: तो टिकतो का?

ईजीसीजीच्या रेणूवर आठ हायड्रॉक्सिल गट असतात. ते इलेक्ट्रॉन सहज देतात, म्हणून तो चांगला अँटिऑक्सिडंट. पण त्याच कारणामुळे तो स्वतःही पटकन ऑक्सिडाइज होतो. १९९७ मध्ये हाँगकाँगच्या एका गटाने हे नीट मोजलं. पीएच ४ च्या खाली कॅटेचिन्स व्यवस्थित टिकतात, ८ च्या वर भराभर नष्ट होतात आणि मधल्या पट्ट्यात पीएच वाढेल तसा टिकाऊपणा कमी होतो. म्हणजे जठराच्या आम्लात हा रेणू सुरक्षित असतो, खरी अडचण लहान आतड्यात सुरू होते. २००७ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात पचनाची नक्कल करणारा प्रयोग झाला, त्यात नुसत्या ग्रीन टीमधली २० टक्क्यांहून कमी कॅटेचिन्स शिल्लक राहिली. लिंबूवर्गीय फळांचा रस किंवा क जीवनसत्त्व घातल्यावर हे प्रमाण बरंच वाढलं. मात्र ही मोजणी परीक्षानळीतली आहे, माणसाच्या पोटातली नाही, हे लक्षात ठेवा.

जे शोषलं जातं तेही जसंच्या तसं राहत नाही. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात एन्झाइम्स त्याला मिथाइल, सल्फेट किंवा ग्लुकुरोनाइड जोडतात. उरलेलं मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात. एन. पी. दास यांनी तर १९७१ मध्येच माणसांना कॅटेचिन देऊन लघवीतले हे अवशेष तपासले होते.

रक्तात मग किती पोचतं? १९९८ मध्ये चुंग यांग यांच्या गटाने स्वयंसेवकांना ग्रीन टी देऊन मोजलं. ईजीसीजीची सर्वाधिक पातळी साधारण दीड-दोन तासांनी आली आणि ती १ मायक्रोमोलरच्या आतच होती. डोस ३ ग्रॅमवरून साडेचार ग्रॅम केला तरी पातळीत लक्षणीय वाढ झाली नाही.

आता पेशींवरचे प्रयोग उघडून बघा. तिथे बऱ्याचदा २०, ५० किंवा १०० मायक्रोमोलर वापरलेलं दिसतं. त्यात २००० मध्ये लाँग, क्लेमेंट आणि हॅलिवेल यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ईजीसीजी नेहमीच्या कल्चर माध्यमात घातलं की माध्यमातच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. म्हणजे पेशी मेल्या तर त्या कॅटेचिनमुळे मेल्या की पेरॉक्साइडमुळे? कंट्रोल नसेल तर सांगता येत नाही.

अमेरिकेच्या एफडीएने २००६ मध्ये ग्रीन टी कॅटेचिन्सचं एक औषध मंजूर केलं, ते चामखिळींवर लावायचं मलम आहे. तिथे आतडं, यकृत, रक्त हा प्रवासच नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची यादी संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण परीक्षानळीतल्या त्या आकड्यांवरून शरीरातला परिणाम कळत नाही.

याचा अर्थ ग्रीन टी निरुपयोगी आहे असा नाही. पण कुठल्याही वनस्पतिजन्य रेणूवर प्रपोजल लिहिताना चार गोष्टी आधी ठरवा: माझ्या बफरमध्ये हा किती वेळ टिकतो, रक्तात किती पोचतो, कोणत्या रूपात पोचतो, आणि पेशी न घालता नुसत्या माध्यमाचा कंट्रोल मी ठेवलाय का. मुलाखतीत गाइड हेच विचारतात.