तेहतीस रुपये रोज : महामारी, मानधन आणि आशा

१५ जून २०२१. करोनाची दुसरी लाट ओसरू लागली असतानाच महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशा स्वयंसेविकांनी काम थांबवले. त्यांच्या मागण्या ज्यांच्यापुढे होत्या ते तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे तेव्हा जालना जिल्ह्यातील घनसावंगीचे आमदार होते. त्यांच्या मतदारसंघातील गावोगावच्या साथीची पहिली खबरही आशांकडूनच येत असे.

संपाचे मूळ एका शब्दात दडलेले होते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा साधारण हजार लोकसंख्येमागे गावातलीच एक स्त्री निवडायची असे ठरले. तिला कर्मचारी न म्हणता ‘स्वयंसेविका’ म्हटले गेले, आणि स्वयंसेविकेला वेतन नसते. गरोदर स्त्रीला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेले, बाळाचे लसीकरण पूर्ण करून घेतले, की त्या त्या कामाची ठरलेली रक्कम मिळे.

साथीने हा हिशेबच मोडला. घरोघरचे सर्वेक्षण, ताप व प्राणवायूच्या नोंदी, परगावाहून परतलेल्यांची चौकशी ही कामे रोजची होती आणि जुन्या दरपत्रकात ती नव्हतीच. केंद्राने त्यासाठी महिना १,००० रुपये प्रोत्साहन भत्ता दिला. म्हणजे दिवसाला जेमतेम ३३ रुपये. मार्च २०२० मध्ये ५० लाखांचे विमाकवचही जाहीर झाले होते, पण ते मृत्यूनंतरचे. राज्याने जुलै २०२० पासून आशांना २,००० आणि गटप्रवर्तकांना ३,००० रुपयांची मासिक वाढ दिली.

दुसऱ्या लाटेपर्यंत तीही अपुरी ठरली. २३ जूनला संप मिटला तो १,५०० रुपयांवर : १,००० मानधनवाढ, ५०० कोविड भत्ता. ही विभागणी लक्षात घेण्याजोगी आहे. भत्ता साथीपुरता, मानधनातली वाढ साथीनंतरही टिकणारी. संपाची खरी कमाई त्या हजारात होती.

कायम पदांची कथा याहून खिन्न करणारी. आरोग्य विभागाची २५ व २६ सप्टेंबर २०२१ची भरती परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. ऑक्टोबरअखेर ती झाली, तर पेपर फुटल्याचे उघड झाले. पदे रिकामी, आणि भार पुन्हा मानधनावरच्या बायकांवर.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. मार्च २०२४ मध्ये राज्याने मानधनात आणखी ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. शासकीय कागदावरचे पदनाम मात्र ‘आशा स्वयंसेविका’ असेच राहिले.