ब्रेक दाबल्यावर की पाय उचलल्यावर?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या मिस्त्रीकडे गाडी आणली की पान्याला हात लावण्याआधी तो ड्रायव्हरला बसवून घ्यायचा. चहा सांगायचा आणि विचारायचा, "थरथर ब्रेक दाबल्यावर येते, का नुसता रेसवरचा पाय उचलल्यावर?" मी गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो तेव्हापासून हा प्रश्न ऐकतोय. आज माझ्या दारात एखादी जुनी पिकअप येऊन 'वेग कमी करताना हालते' अशी तक्रार आली, की माझ्याही तोंडून आधी तोच निघतो. हा प्रश्न आमच्या धंद्याला कंपनीच्या पुस्तकातून मिळालेला नाही. तो टंचाईतून आलाय.

अमेरिकन जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला. फोर्डही आली. शेवरोले आणि फोर्डचे ट्रक घाटावर दिसू लागले. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपा आणि ट्रक डिस्पोजलमध्ये निघाले, ते ज्यांना परवडले त्यांनी घेतले. मग स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवलं की गाडीचे भाग इथेच बनवायची तयारी असेल त्यानेच राहावं, नुसती जोडणी चालणार नाही. 1954 च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी गाशा गुंडाळला. धोरण म्हणून ते मला पटतं. त्यामुळेच कुर्ल्याची प्रीमियर, माझगावला विलीज जीपची जोडणी करून पुढे स्वतःच्या पायावर उभी राहिलेली महिंद्रा, टेम्पो आणि टेल्को हे सगळे वाढले. पण रस्त्यावर असलेल्या शेवरोलेंना आता आईबाप उरले नव्हते. त्यांना सुटे भाग कुठून मिळणार? आयातीला परवाना लागे. चोरबाजारात नशिबाने सापडलं तर सापडलं, नाहीतर लेथवर बनवायचं.

आणि लेथ कोल्हापुरात होता. ऊस, गुऱ्हाळं, विहिरीवरची ऑइल इंजिनं यांच्या दुरुस्तीवर इथली मिस्त्रीमंडळी तयार झाली होती. बिडाचं ओतकाम, टर्निंग, बोअरिंग हे सगळं हाताशी होतं. प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा एक क्रॉस लेथवर कातून, कोळशात भाजून वरून कडक करून, घासून बसवायचा तर त्यात अख्खा दिवस जायचा. एवढ्या कष्टाने बनवलेला भाग 'बदलून बघू, फरक पडला तर पडला' म्हणून कोण लावेल? म्हणून आधी दोष शोधायचा, खात्री करायची, मगच खोलायचं. तपासणीची आमची सगळी शिस्त इथून आली असं माझं ठाम मत आहे. आता पार्ट फोनवर मागवला की संध्याकाळी येतो, आणि पोरं पॅड, डिस्क, टायर, क्रॉस ओळीने बदलत सुटतात. थरथर तशीच राहते आणि गाडीवाल्याचे पैसे मात्र जातात. तो बिचारा भाजीच्या भाड्यावर हप्ते फेडणारा असतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर मूळ प्रश्नाकडे. ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल तर दोष चाकांच्या ब्रेकमध्ये. स्टिअरिंग हातात नाचत असेल तर पुढचा, सीटखालून आणि मागच्या हौद्यातून हादरे येत असतील तर मागचा. शंका असेल तर मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूच ओढायचा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, म्हणून तेवढ्याने थरथर आली तर मागचे ड्रम दोषी. जुन्या जीपला मात्र ही परीक्षा लावू नये. विलीजच्या बनावटीत हँडब्रेकचा ड्रम चाकावर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवरच बसवलेला होता. तिथे ओढलेला ब्रेक चाकाबद्दल काहीच सांगत नाही, उलट शाफ्टवर आणि क्राऊन-पिनियनवर ताण आणतो.

ड्रम बिघडतो कसा, हे आमच्याकडे घाट सांगतो. आंबा घाट किंवा गगनबावड्याचा करूळ घाट भरल्या गाडीने उतरायचा, आणि गिअर वरचा ठेवून सारखा ब्रेकवर पाय. ड्रम तापून निळा पडतो. तापलेला ड्रम फुगतो, लायनर त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही, पेडल खाली जातं. मग खाली पोचल्यावर दोन चुका होतात. एक, तापल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून गाडी लावायची. शूज दोन बाजूंनी दाबून बसतात आणि बीड तसंच थंड होतं. दुसरी, ओढ्याचं पाणी बादलीने चाकावर मारायचं. ड्रमला बारीक तडे जातात, आकार बदलतो.

असा ड्रम लेथवर चढवला की दोष कानाला कळतो. ड्रम हबसकट बांधायचा, हळू फिरवायचा आणि टूल अगदी अलगद जवळ न्यायचं. गोल ड्रम असेल तर टूल टेकताच सलग खर्र आवाज येतो. लंबगोल झालेला असेल तर खर्र, गप्प, खर्र, गप्प. प्रत्येक फेऱ्यात दोन जागी टूल लागतं आणि दोन जागी हवेत फिरतं. तिथे थांबून आतून बघितलं तर कापलेला भाग चकचकीत आणि न कापलेला काळपट, अशा पट्ट्या दिसतात. पेडलखाली जी थरथर जाणवते ती या पट्ट्यांचीच. डिस्कमध्ये तर याहून सूक्ष्म प्रकार असतो. जाडीत मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजावा लागणारा फरकही पिस्टनला मागेपुढे ढकलतो आणि तो धक्का तेलातून पायापर्यंत येतो. डोळ्याला डिस्क सपाटच दिसते, म्हणून मायक्रोमीटर लावावा लागतो. ड्रम किंवा डिस्कवर कंपनीने मर्यादेचं माप दिलेलं असतं. त्यापलीकडे ती कातू नये. मग नवीनच घालावी.

लायनरबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने 1897 मध्ये घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी घर्षणाचं साहित्य बनवायला घेतलं. फेरोडो ही कंपनी त्याचीच. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आलं आणि ते अनेक दशकं राहिलं. आमच्या पिढीने ड्रम उघडला की हवेच्या पाइपने धूळ उडवली, आणि ती छातीत घेतली. ॲस्बेस्टॉसने फुप्फुसाचे आजार आणि कर्करोग होतो हे आम्हाला कोणी गॅरेजात येऊन सांगितलं नाही. जुन्या पिकअपचा ड्रम आजही उघडाल तर हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आता प्रश्नाचा दुसरा अर्धा. ब्रेकला पाय लागलेलाच नाही, साठ-सत्तरच्या वेगात रेस सोडली आणि पायाखाली घुरघुर-थरथर सुरू झाली. इथे ब्रेक उघडणं म्हणजे वेळ घालवणं. दोष बहुतेकदा शाफ्टमध्ये. खात्रीसाठी सपाट रस्त्यावर त्याच वेगाला गिअर न्यूट्रल करून बघायचं. थरथर तशीच राहिली तर टायर, चाक किंवा शाफ्टचा बॅलन्स. गेली तर इंजिनाच्या ओढीचा संबंध आहे.

प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट मोटारीपेक्षा कितीतरी जुना. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने तो खगोलाच्या उपकरणांसंदर्भात मांडला. या जॉइंटची एक खोड आहे. शाफ्ट कोनात असेल तर पलीकडची बाजू सारख्या वेगाने फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे राहते. दुसरा जॉइंट त्याच कोनात आणि त्याच रांगेत असला की ही खोड खोडली जाते. म्हणूनच शाफ्टच्या सरकत्या जोडावर बाणाच्या खुणा असतात. ग्रीसच्या थराखाली त्या दिसत नाहीत, घाईत एक दात इकडेतिकडे बसतो आणि चांगला शाफ्ट थरथरायला लागतो. शाफ्ट उतरवताना आमचे उस्ताद खडूने नाही, छिन्नीने खूण करायचे, कारण खडू रॉकेलने पुसला जातो.

टेल्कोची टाटामोबाइल 1988 साली आली, मागोमाग त्या घराण्यातली 207 खेड्यापाड्यांत पोचली, महिंद्राच्या पिकअप आल्या, आणि त्यांच्याबरोबर आमच्याकडे एक नवा प्रकार सुरू झाला. क्षमतेपेक्षा जास्त माल भरायचा म्हणून मागे पाटे वाढवायचे. गाडी रिकामी असली की मागून उंच उभी राहते. शाफ्ट दोन तुकड्यांचा, मधलं सेंटर बेअरिंग चेसिसला बांधलेलं. चेसिस वर जाते, डिफ्रन्शियल चाकांबरोबर खालीच राहतं आणि मागच्या तुकड्याचा कोन वाढतो. रेस देताना पिनियनचं तोंड थोडं वर उचललं जातं, म्हणून निभावतं. रेस सोडली की इंजिन मागे ओढतं, पिनियनचं तोंड खाली झुकतं आणि कोन आणखी बिघडतो. वेग कमी करतानाच थरथर का, याचं उत्तर त्या झुकण्यात आहे.

अलीकडे शाहूवाडीकडची अशीच एक 207 आली होती. आधीच्या गॅरेजात पुढच्या डिस्क नव्या घालून झाल्या होत्या, मागचे ड्रम कातून झाले होते. मालकाला मी तो जुना प्रश्न विचारला. तो म्हणाला, "दादा, ब्रेकचं काय न्हाई, पाय काढला की हालती, आन रिकामी असली की जास्त." गाडीखाली वाकून बघितलं तर वरून टाकलेले दोन पाटे, सेंटर बेअरिंगचं रबर फाटलेलं, मागचा क्रॉस एका दिशेने कोरडा. पाटे काढायला तो तयार होईना, उसाच्या कांड्यांचं बियाणं न्यायचं होतं. जास्त माल भरू नको हे सांगायचं ते सांगितलं. पाट्याच्या आणि हाऊसिंगच्या मध्ये टेपर पट्टी कातून घातली, पिनियनचं तोंड वर आणलं, क्रॉस आणि सेंटर बेअरिंग नवं टाकलं, शाफ्टच्या खुणा जुळवल्या. मालकाला शेजारी बसवून पन्हाळा रस्त्यावर सत्तरला नेली आणि पाय उचलला. शाफ्ट गप्प होता. ड्रमच्या जुन्या बिलाचा कागद त्याने खिशातून काढला, आणि कातलेल्या ड्रमचं माप त्यावर लिहून द्यायला सांगितलं, पुढच्या मिस्त्रीसाठी.