पदराची दिशा

आपल्याला काय शोभते हे आपल्यालाच कळते, असे प्रत्येक पिढीला वाटत आलेले आहे. परंतु एखाद्या कालखंडातील घरोघरची छायाचित्रे एकत्र मांडून पाहिली, तर एकमेकींस न ओळखणाऱ्या स्त्रिया एकाच तऱ्हेचा भांग पाडून, एकाच बाजूने पदर घेऊन बसलेल्या दिसतात. ज्या आवडीला त्या आपली म्हणत होत्या, ती त्यांच्याकडे कोठून आली, हा वेषाच्या इतिहासातील मूळ प्रश्न होय. आधुनिक भारतातील साडीच्या नेसणीचा प्रवास त्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

या प्रवासाचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत आहे, पण त्याचे श्रेय एका बंगाली स्त्रीकडे जाते. भारतीय सनदी सेवेत प्रवेश मिळविणारे पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४ च्या सुमारास त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी त्यांच्यासोबत इकडे आल्या. बंगाली अंतःपुरातील स्त्री त्या काळी एकवस्त्रा असे. त्या वेषात उंबरठ्याबाहेर पडणे शक्यच नव्हते. प्रवासासाठी शिवून घेतलेला परदेशी थाटाचा पोशाख त्यांना अवघडवून टाकणारा ठरला. मुंबईत पारशी कुटुंबाच्या सहवासात त्यांनी साडीची वेगळी तऱ्हा पाहिली, ती उचलली, आणि उजवा हात कामासाठी मोकळा राहावा म्हणून पदर डाव्या खांद्यावर घेतला. खाली परकर, अंगात पोलके आणि वर ही साडी, असा जो वेष घडला तो बंगालमध्ये प्रथम मुंबईची रीत म्हणून आणि पुढे ब्राह्मसमाजी स्त्रियांचा वेष म्हणून ओळखला गेला. येथे सौंदर्याचा विचार मागाहून आला. आधी आला तो चारचौघांत वावरण्याचा हक्क.

आनंदीबाई जोशी यांचा अनुभव याच जातीचा आहे. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेलेल्या या तरुणीने परक्या देशात परका वेष पत्करला नाही. तथापि तेथील थंडीत आणि तेथील लोकांच्या दृष्टीसमोर नऊवारी लुगड्याचा काष्टा अडचणीचा वाटू लागला, तेव्हा तिने गुजराती पद्धतीची साडी जवळ केली. १८८५ मधील तिच्या प्रसिद्ध छायाचित्रात जपान आणि सीरिया येथील सहाध्यायिनींसमवेत ती साडीतच दिसते. परंपरा सोडली नाही, आणि परंपरा होती तशीही ठेवली नाही, ही तडजोड त्या पिढीतील अनेक स्त्रियांच्या वाट्यास आली. त्याच समाजात विधवेचे केशवपन होत होते आणि तिच्या अंगावर लाल आलवण चढत होते, हे विसरून चालणार नाही. शोभून दिसण्याचा अधिकार हाच मुळी सर्वांना नव्हता.

व्यवहारातून घडत असलेल्या या बदलाला सार्वत्रिक चेहरा दिला तो चित्रकलेने. राजा रविवर्मा यांनी पुराणांतील नायिकांना वस्त्रे दिली ती पुष्कळदा समकालीन दक्षिणी आणि महाराष्ट्रीय स्त्रियांची. १८९४ मध्ये मुंबईत त्यांचा शिळाछाप छापखाना सुरू झाला आणि राजवाड्यातील लक्ष्मी-सरस्वती सामान्यांच्या माजघरात येऊन पोचल्या. भरीव बांधा, उजळ कांती, काठापदराचे वस्त्र आणि किंचित झुकलेली मान या गुणांना देवत्वाचा आधार मिळाला. पूर्वी गावातील, नात्यातील एखादी स्त्री अनुकरणाचा आदर्श होई. आता तो आदर्श भिंतीवर टांगला गेला आणि लाहोरपासून त्रावणकोरपर्यंत एकच झाला.

रंगभूमीने या चित्राला चालते-बोलते केले. मराठी रंगभूमीवर तर एक विलक्षण घटना घडली: स्त्रीसौंदर्याचा सर्वमान्य आदर्श एका पुरुषाने निर्माण केला. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. ‘मानापमान’ (१९११) मधील भामिनी आणि ‘स्वयंवर’ (१९१६) मधील रुक्मिणी या भूमिकांनी त्यांनी प्रेक्षकांना वेड लावले. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने भरजरी शालू, दागिने आणि अत्तरे यांवर मुक्त हस्ताने खर्च केला. मंडळीवर पुढे जे कर्ज झाले, त्यात या हौसेचा वाटा मोठा होता. त्यांच्या पदराची ठेवण, अंबाड्यातील फुले, नथ आणि चालण्यातील डौल घरंदाज स्त्रिया निरखून पाहत आणि घरी जाऊन त्यांचे अनुकरण करीत.

या घटनेकडे केवळ कौतुकाने पाहून भागत नाही. स्त्रीने कसे दिसावे याविषयीची पुरुषांची कल्पना पुरुषाच्याच देहातून साकार झाली आणि आदर्श म्हणून स्त्रियांकडे परत आली. नखशिखांत नटलेली भामिनी असो की ‘एकच प्याला’ (१९१९) मधील दारिद्र्यातही पतिनिष्ठा न सोडणारी सिंधू असो, त्या लावण्यात सोशिकपणाचा अंश गृहीत धरलेला होता. पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. नटणे-मुरडणे हे तोवर कलावंतिणीचे लक्षण समजले जाई. रंगमंचावर स्त्री उभी असती, तर तिच्यासारखा पदर घेण्याचे धैर्य कुलीन गृहिणीला झाले नसते. पदर घेणारा पुरुष होता, म्हणूनच तो पदर निष्कलंक ठरला. सभ्य स्त्रीला शृंगाराची मोकळीक मिळाली ती अशा आडवाटेने.

ही आडवाट पुढे बंद झाली. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या मूकपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात तीच तारामती सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातील दुर्गा खोटे यांनी साकारली. एकोणीस वर्षांत तारामती स्त्री झाली. कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो. रंगभूमीवर अंतराच्या आधाराने टिकणारा भ्रम तेथे टिकत नाही. नऊवारीची जागा गोल पातळाने घेतली तीही याच सुमारास. शाळा-महाविद्यालये, कचेऱ्या आणि आगगाड्या यांतून वावरणाऱ्या तरुणींना पाचवारी सोयीची वाटली, आणि पडद्यावरील नायिकेने तिला डौल दिला. १९४१ मध्ये लीला चिटणीस साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, तेव्हा आदर्श आणि बाजार यांची गाठ पक्की झाली. रविवर्म्याच्या चित्रांतील उजळ कांती आता डबीत घालून विकता येऊ लागली. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या गोरेपणाच्या मलमाला ‘फेअर’ हा शब्द आपल्या नावातून वगळावासा वाटला तो २०२० मध्ये, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी.

एवढ्यावर थांबले, तर अनुकरणाचा इतिहास म्हणजे पराधीनतेचा इतिहास, असाच निष्कर्ष निघेल. त्याला छेद देणारा प्रसंग महाड येथे घडला. डिसेंबर १९२७ मधील सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य समाजातील स्त्रियांशी वेगळा संवाद साधला. गुडघ्याजवळ थांबणारे लुगडे, गळ्या-हातांत कथलाचे आणि चांदीचे जड दागिने ही त्या स्त्रियांची आवड नव्हती. दुरूनच जात कळावी म्हणून लादलेली ती खूण होती. ही खूण टाकून द्या, इतर स्त्रिया नेसतात तसे घोट्यापर्यंत लुगडे नेसा, असे त्यांनी सांगितले. उपस्थित स्त्रियांनी ते तत्काळ मनावर घेतले आणि आपली नेसण बदलली.

येथेही अनुकरणच आहे, पण त्याचा अर्थ पूर्णपणे पालटलेला आहे. बालगंधर्वांचा पदर उचलणारी गृहिणी स्वतःला एका आदर्शाच्या हवाली करीत होती. महाडची स्त्री तेच वस्त्र घोट्यापर्यंत आणून एक आज्ञा मोडीत होती. नेसण तीच, पण एकीकडे ती शोभा होती आणि दुसरीकडे हक्क. ज्ञानदानंदिनी देवींनी पदर डाव्या खांद्यावर घेतला, तोही प्रथम उजवा हात मोकळा व्हावा म्हणून.

वेषाच्या इतिहासकाराने म्हणूनच कोण कोणासारखे दिसू लागले एवढेच नोंदवून थांबू नये. त्या दिसण्याने कोणाचा हात मोकळा झाला आणि कोणाची मान खाली झुकली, हेही त्याने पाहिले पाहिजे. प्रत्येक युग आपला आरसा घडविते आणि त्यात दिसणाऱ्या रूपाला स्वाभाविक म्हणते. महाडच्या स्त्रियांपुढे आरसा नव्हता. नवी नेसण त्यांनी एकमेकींकडे पाहूनच नीट केली असेल.