दहीहांड्याच्या विहिरीतलं मीठ

६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचललं, तेव्हा वऱ्हाडातल्या सत्याग्रहींपुढे एक साधी अडचण होती. मिठाचा कायदा मोडायचा तर मीठ बनवायला पाहिजे, आणि समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण त्यांना समुद्र लागला नाही. अकोल्याकडचं दहीहांडा आणि दर्यापूरकडचं भामोद, या गावांत विहिरींचं पाणीच इतकं खारट की ते आटवलं की मीठ उरतं. त्याच महिन्यात तिथे कायदा मोडला गेला.

मी मूर्तिजापूरचा. आमच्या तालुक्यातली बरीच गावं याच खारपाणपट्ट्यात येतात. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. अणू-रेणू शिकायला याहून बरी जागा मला तरी माहीत नाही, म्हणून विहिरीपासूनच सुरुवात करतो.

विहिरीच्या पाण्यात मीठ दिसत का नाही? कारण ते तिथे मीठ म्हणून नसतंच. पाण्याचा रेणू म्हणजे हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू, घट्ट जोडलेले. मिठात असे तुकडे नाहीत. सोडियमचा अणू आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीनचा तो घेतो. एक धन झाला, दुसरा ऋण. अशा विद्युतभारित अणूला आयन म्हणतात. पाण्यात पडले की हे आयन सुटे होतात आणि प्रत्येकाभोवती पाण्याच्या रेणूंचा घोळका जमतो. आता खाली कढई तापवा, किंवा वैशाखातलं वऱ्हाडी ऊन लागू द्या. पाण्याचे रेणू उडून जातात, आयनांना उडता येत नाही. ते मागे राहतात, पुन्हा एकमेकांना धरतात, आणि कढईच्या बुडाशी पांढरी खर दिसायला लागते.

या दोघांचा पूर्वेतिहास भयंकर आहे. सोडियम धातू लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये पहिल्यांदा विजेच्या मदतीने वेगळा केला. तो पाण्यात टाकला की पेट घेतो. क्लोरीन हा तर विषारी वायू. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत जर्मन सैन्याने तो शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. फक्त एका इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण झाली, आणि हेच दोघे आपल्या वरणात पडतात.

मिठाच्या दाण्याच्या आत काय आहे, हे १९१३ मध्ये ब्रॅग बापलेकांच्या क्ष-किरणांच्या कामातून कळलं. सोडियम, क्लोरीन, सोडियम, क्लोरीन, अशी तिन्ही दिशांना मांडणी. प्रोग्रामरच्या भाषेत हा एक त्रिमितीय अॅरे. एका सोडियमला सहा क्लोरीन शेजारी, त्यामुळे ‘हा माझा जोडीदार’ असं कुणालाच म्हणता येत नाही. म्हणजे मिठाचा रेणू नसतोच! हे पचवणं सोपं नव्हतं. हेन्री आर्मस्ट्राँग नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, ‘नेचर’मध्ये पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या मिठाची रेवडी उडवली. मला या म्हाताऱ्याबद्दल उगाच जिव्हाळा वाटतो. तो चुकला होता, पण निदान मिठासाठी भांडला. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी दहीहांड्यात लोक त्याच मिठासाठी तुरुंगात जायला तयार झाले.

आकार किती? ०.३ मिलिमीटर कडेचा बारीक दाणा घ्या. त्याच्या एका कडेवर दहा लाखांहून जास्त आयन ओळीने बसतात. एक ग्रॅम मिठात अशा सोडियम-क्लोरीनच्या जोड्या मोजल्या, तर एकावर बावीस शून्यं.

आता शेतात चला, कारण खरं दुखणं तिथे आहे. काळ्या मातीचे कण म्हणजे अतिसूक्ष्म पापुद्रे, आणि त्यांच्यावर ऋणभार असतो. कॅल्शियमच्या आयनावर दोन धनभार, म्हणून तो दोन पापुद्र्यांना धरून ठेवतो, माती भुसभुशीत राहते. सोडियमवर एकच भार, वर त्याच्याभोवती पाण्याचा मोठा घोळका. खाऱ्या विहिरीचं पाणी देत राहिलात, तर सोडियम हळूहळू कॅल्शियमची जागा घेतो, पापुद्रे सुटे होतात, मातीची छिद्रं बुजतात. पाणी वर साचतं, खाली मुरत नाही. वाळलं की जमीन दगडासारखी. म्हणून विहिरीला पाणी असूनही आमच्याकडे कोरडवाहू कपाशी, तूर, आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा. बाहेरगावचा माणूस भरलेली विहीर पाहून शेतकऱ्याला आळशी म्हणतो, तेव्हा माझं डोकं फिरतं. अशा जमिनीवर जिप्सम टाकतात, त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो. पण हुसकावलेला सोडियम वाहून न्यायला गोडं पाणी आणि चांगला निचरा लागतो, आणि नेमकं तेच इथे कमी.

आजीकडे पाण्याचे दोनच वर्ग होते, प्यायचं आणि वापरायचं. वापरायच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण यात मिठाचा दोष नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट बांधतात, साबणाचा साका करतात. मातीत ज्या कॅल्शियमची वाट पाहायची, तोच पातेल्यात नकोसा.

तुरटी फिरवून खारं पाणी गोडं होत नाही. तुरटी गढूळपणा खाली बसवते, कारण मातीचे कण आयनांपेक्षा फार मोठे. उकळूनही उपयोग नाही. पाणी कमी होतं, मीठ तेवढंच राहतं. आरओच्या पडद्यातून मात्र दाब देऊन पाण्याचे रेणू पार होतात आणि बहुतेक आयन अडतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचे. आता गावोगावी वीस लिटरचे जार येतात. पडद्याने अडवलेलं, आधीपेक्षा जास्त खारट झालेलं पाणी मशीनच्या मागच्या नळीने बाहेर पडतं, नालीतून ओढ्याकडे जातं, आणि वाटेत त्याच काळ्या मातीत मुरतं.